मोतीरामभाऊंचा छोटा गिअर

आमच्या सानगडीत एक जिप्सी बिनाड्रायव्हरची चालते. मालक मोतीरामभाऊ खर्रा चघळत तिच्या बाजूनं पायी जातात. मधेच तिला मागे टाकतात, वळून बघतात आणि चिडतात, "अजूनबी लय धावून राहिली!"

मी त्यांचा शेजारी, पेशानं मास्तर, आणि फुकटच्या चौकशा ही माझी जुनी खोड. अख्खं जग गाडीचा वेग वाढवतं, हा बाप्पा कमी करतो! काहून? विचारल्याशिवाय मला जेवण जाईना.

"गुरुजी, धावाले काय, कुत्रंबी धावते," भाऊ म्हणाले. "चालाले अक्कल लागते."

मग खरं कारण सांगितलं. त्यांची बायको, सिंधूवहिनी, दोन वर्षांपूर्वी ओट्यावरून पडली आणि मणका मोडला. तेव्हापासून अंगणातली खाट हेच तिचं जग. माहेर गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बापाच्या घराचं जोतं उघडं पडतं, ते तिला एकदा बघायचं होतं. पण डांबरी रस्ता संपल्यावर दोन किलोमीटर नुसते गोटे. डॉक्टरांनी बजावलेलं, दचका बसता कामा नये. पाऊस लागायच्या आत गेलं तर गेलं, नाहीतर वरीस वाया.

"चौघं जण खाटेवर उचलून नेऊ की," मी सुचवलं.

"ते आखरीचं नेनं असते, गुरुजी!" भाऊ असे खवळले की मी आठ दिवस तोंड दाखवलं नाही.

त्यांचा सगळा जीव एका लोखंडी डब्यात. ट्रान्सफर म्हणतात त्याला. इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना तोच वाटून देतो, आणि त्यातला छोटा गिअर टाकला की गाडी ताकदीनं पण हळूहळू चालते. भाऊंना त्याहून हळू हवी होती. भंगारातून आणून त्यांनी तीन ट्रान्सफर बदलले. एकदा मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी चक्रंही बदलली आणि घाईत पुढच्यांची विसरले. पुढची चाकं एक म्हणत, मागची दुसरं. अंगणातून दिसणाऱ्या ग्रामपंचायतीसमोर जिप्सी बेडकासारखी उड्या मारायला लागली.

"मले अशी नेता काय?" वहिनी खाटेवरून ओरडली. हसता हसता तिची पाठ दुखून आली. भाऊंचं तोंड मात्र एवढंसं झालं. जूनचा पहिला आठवडा उजाडला होता.

आठवडाभरात पुढची चक्रंही बदलून रविवारी त्यांनी हाक मारली, "चला गुरुजी, चालाले लागली!"

मागच्या सीटवर वहिनी उशांत रेलली, मी तिला धरून बसलो. गोट्यांच्या रस्त्यावर भाऊंनी छोटा गिअर टाकला. शेरड्या आम्हाला ओलांडून गेल्या. त्यांच्यामागचा म्हातारा थांबला, "बिघडली काय बा?"

"नाही, सुधरली!" भाऊ ऐटीत म्हणाले.

दोन किलोमीटरला पाऊण तास लागला, पण वहिनी एकदाही कण्हली नाही. खरं सांगतो, मला त्या माणसाचा अभिमान वाटला.

काठावर पोचलो. यंदा पाणी उतरलंच नव्हतं. जोतं नाही, काही नाही, दूरवर निस्तं पाणीच पाणी. भाऊ स्टिअरिंग धरून बसून राहिले. "माह्यानंच वेळ झाला," म्हणाले. "मांगच्या साली आणाले पाहिजे होतं तुले."

वहिनीनं पाण्यावरून नजर भाऊंकडे वळवली. मग म्हणाली, "जोत्याचं काय घेऊन बसले? दोन साल झाले, खाटेवरून मले गाडीखालचे तुमचे निस्ते पायच दिसत होते. माणूस कसा दिसते तेबी भुलली होती मी. इकडे या, बसा जरासे."

भाऊंनी इंजिन बंद केलं आणि मागे येऊन बसले. मी उतरलो आणि पाण्याकडे चालू लागलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला काही विचारावंसं वाटलं नाही.