घाटोळे साहेबांची डोळेबांधी मेजवानी

घाटोळे साहेबांच्या घरी बसायचं असेल तर आधी खुर्ची हलवून पाहावी लागते. पाहुण्याने नाही हलवली तर साहेब स्वतः येऊन हलवतात, आणि पाहुणा आधीच बसला असेल तर त्याच्यासकट हलवतात. "आधी पाहा, मंग बसा. घाई केली का गेला माणूस." त्यानंतर मेन स्विच कुठे आहे, मागचं दार कोणत्या बाजूला उघडतं, वाळूची बादली कुठे ठेवली आहे, हे सगळं सांगून झालं की चहा येतो. आणि चहा गरम आहे, हेही सांगितलं जातं.

साहेबांची सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटात गेली. जगात जे जे पडू शकतं, फुटू शकतं, पेटू शकतं, ते सगळं त्यांना तोंडपाठ. नेहरू नगरात त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे. रोज संध्याकाळी त्या भिंतीतून आवाज येतो, "गॅस बंद हाये. हो, बंद हाये. पाह्यला ना आता? पाह्यला." काकू गेल्यापासून प्रश्नही साहेबच विचारतात आणि उत्तरही साहेबच देतात. हे ऐकून ऐकून माझी बायको रजनीही आता दोनदा उठून गॅस बघते.

त्यांची मुलगी मंजू नाशिककडे वाइनच्या कारखान्यात आहे. दर दिवाळीला ती वडिलांसाठी एक बाटली आणते. साहेबांनी एकही फोडली नाही. "पिकून राहिली," म्हणायचे. आतल्या खोलीत दिवाणाखाली बाटल्या आडव्या, वर ओलं पोतं. भिलाईच्या उन्हाळ्यात साहेबांच्या घरचा कूलर त्या खोलीत चालायचा आणि साहेब स्वतः बाहेर पंख्याखाली घाम पुसत बसायचे. "मी काय, जुनाच हाओ. ते खराब झाले नाई पाह्यजे."

असा माणूस एक दिवस आमच्या दारात उभा राहून म्हणाला, "प्रकाश, रविवारी जेवाले या. साऱ्या बाटल्या फोडतो. ब्लाइंड टेस्टिंग हाये."

मी लेखाशाखेतला कारकून. वाइन म्हणजे लाल की पांढरी, यापुढे माझी मजल नाही. मी ही बातमी तिवारीजींना दिली. ते कोपऱ्यावर गणिताचा कोचिंग क्लास चालवतात. त्यांचा चेहराच उतरला. "ब्लाइंड? भाईसाब, पीके अंधे हो जाएँगे क्या?" हातभट्टीची पिऊन डोळे गेल्याच्या बातम्या आमच्याकडे सगळ्यांनीच वाचलेल्या. त्यात या बाटल्या वर्षानुवर्षं पोत्याखाली पडलेल्या. चौथे पाहुणे बावने. कॅम्प-१ वस्तीत राहतात, प्लांटमध्ये क्रेन चालवायचे, आता हथखोजला एका वर्कशॉपात जातात. ते फोनवर म्हणाले, "साहेबाईनं बोलावलं तं याच लागन. पण घरून जेवून येतो. मंग इख-जहर जरी असलं तरी पोटात हळूहळू भिनते."

रजनीने मोबाइलवर बघून आम्हाला धीर दिला. आंधळं वगैरे कोणी होत नाही, बाटलीला कागद गुंडाळून ठेवतात आणि चवीवरून ओळखायचं, एवढंच. धीर आला, पण पुरता नाही. कारण साहेबांनी वेळ दिली होती पाचची. पाचला कोण जेवतं?

गेलो. चारही खुर्च्या हलवून पाहिल्या. पश्चिमेची खिडकी सताड उघडी होती आणि टेबलावर थेट ऊन पडलं होतं. बाटल्या उघड्याच, नावं वाचता येतील अशा. आणि प्रत्येक ताटाशेजारी एक धुतलेला, घडी घातलेला गमछा.

"हे कायले, काकाजी?" रजनीने विचारलं.

"डोळ्यावर बांधाले."

"पण काकाजी, कागद बाटलीले गुंडाळतेत. माणसाले नाई."

"बाटलीले काय दिसते, सूनबाई? पट्टी माणसालेच लागते."

साहेबांनी स्वतः एकेकाच्या मागे उभं राहून गमछे बांधले. माझ्या कानामागे गाठ मारताना त्यांचं बोट दोनदा चुकलं. आयुष्यभर लोकांना डोळे उघडे ठेवा म्हणून ओरडलेला माणूस आमचे डोळे बांधत होता.

पहिलं बूच फट्‌कन उडालं आणि बावने खुर्चीसकट मागे सरकले. "काई नाई, काई नाई," साहेब म्हणाले. पेला हातात आला. मी रजनीचा हात शोधायला गेलो तर बोटं वरणाच्या वाटीत. शेवटी हनुमानाचं नाव घेऊन तिवारीजींनी आधी घोट घेतला.

"जिंदा हूँ," तिवारीजी म्हणाले.

मग बावने. "साहेब, हे तं चिचेचं पाणी हाये."

दुसरी बाटली शिरक्यासारखी आंबट लागली. तिसरी मात्र अशी निघाली की बोलणंच थांबलं. पिकलेल्या बोरांचा वास, त्यात जुन्या लाकडी पेटीचा. ज्या रजनीने फक्त वास घेईन म्हणून बजावलं होतं, तिने पेला पुन्हा पुढे केला. जरा हसू फुटलं. "साहेब, हे कोनत्या सालची?" बावनेंनी विचारलं.

उत्तर आलं नाही.

"साहेब?"

नुसता पंख्याचा आवाज. माणूस आडवा झाला की काय? काच पडल्याचा आवाज तर नव्हता. मला राहवलं नाही. मी गमछा भुवईपर्यंत सरकवला.

साहेब बावनेंसमोर वाकून उभे होते. तोंड इतकं जवळ की श्वास लागावा. मान एका बाजूला कलवून, दाणा टिपणाऱ्या कोंबडीसारखी, ते बावनेंच्या हनुवटीवरचा जुना भाजल्याचा डाग बघत होते. मग मिशी. मग कपाळ. मग तसेच तिवारीजींकडे वळले. रजनीच्या समोर मात्र हातभर लांबच थांबले, संकोचाने, आणि मान कलवून तिथूनच बघत राहिले.

मी पट्टी खाली ओढली, पण तोंडातून निघून गेलंच. "साहेब, काय पाहून राहिले तुमी?"

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती हलवून पाहिल्याचा मात्र आला नाही.

"पट्ट्या काढू नोका," ते म्हणाले. "तुमाले दिसत नाई म्हनून सांगता येऊन राहिलं. रायपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, डोळ्याच्या मधात डाग हाये. दोन्ही डोळ्यात. वाढतच जाईन. कडंकडंचं दिसन, भिंत, दार, बाटली. ज्याच्याकडं पाहीन तो दिसनार नाई. मानसाचं तोंड दिसनार नाई."

रजनीचा हात मला टेबलाखाली सापडला.

"मंजूले सांगतलं?" तिने विचारलं.

"नाई. ती नोकरी सोडून येईन ना, सूनबाई. मले भेव वाटून राहिलं. आगीले नाई भेलो मी कधी, तयारी करत होतो. याची तयारी कशी करतेत, तेच समजत नाई. म्हनलं, उजेड हाये तोवर सारे एकदा समोर बसवावं. उगाच टक लावून पाह्यलं तं लोक काय म्हनतीन? म्हनून हे वाइनचं काढलं."

तिवारीजींना मराठी अर्धीच कळते. पण नाक त्यांनीच आधी ओढलं. "मंजू को मैं फोन करूँगा," ते म्हणाले. "आप मना मत करना."

"साहेब," बावने म्हणाले, "ऊन अजून हाये का?"

"हाये थोडं."

"मंग पाहून घ्या ना बरोबर. घाई नोका करू. आमी बसतो."

कोणीच पट्टी काढली नाही. बावनेंची खुर्ची खिडकीकडे फिरल्याचा आवाज आला, मग तिवारीजींची, मग रजनीची. साहेबांची पावलं टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर येऊन थांबली. मी हनुवटी उचलली आणि तोंड उन्हाकडे केलं.