तळपायाचा ठसा, तीन प्रतींत

बायकोची टाच दोन महिने दुखत होती, म्हणून रविवारी सकाळी मी तिच्या तळपायाचा ठसा घ्यायचं ठरवलं. हाडांच्या डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची होती आणि तिथे रिकाम्या हाताने जाणं मला पटेना. (मी आवक विभागात बावीस वर्षं शिक्के मारतोय. जोडपत्राशिवाय कुठलाही अर्ज मला अर्धवटच वाटतो.)

पाय ओला करून कागदावर उभं राहायचं, मधे आतल्या बाजूला कोरडी जागा उरली तर कमान आहे, नाही उरली तर पाय सपाट, असं मोबाइलवर वाचलं होतं. पण पाणी वाळतं, पुरावा राहत नाही. मी शिक्क्याची जांभळी शाई काढली.

"आधी तुमच्या पायावर करून बघा," बायको म्हणाली.

केलं. आणि कागद उजेडात धरला. कोरडी जागा नावालाही नव्हती. टाचेपासून बोटांपर्यंत सलग जांभळा पाय! मी तीन प्रती काढल्या. तिन्ही सारख्या.

"अगं, मला कमानच नाही!"

"लग्न झाल्यापासून बघतेय. बाथरूमबाहेरचे तुमचे ओले पाय मीच पुसते ना."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"चालता तर येतं तुम्हाला!"

तिला गांभीर्यच नव्हतं. मी पुन्हा मोबाइल उघडला. कमान बसली की घोटा आत कलतो, त्यामागे गुडघा, मग कंबर, मग पाठ. शेवटच्या ओळीत 'शस्त्रक्रिया' असा शब्द होता. तो मी चारदा वाचला आणि माझे हातपाय गार पडले. (हेही लक्षणच असावं, असं वाटून आणखी गार पडले.) आरशात पाहिलं, तर डावा खांदा खाली. बूट उलटे केले, तर टाचा आतून झिजलेल्या. बावीस वर्षांत मी एकही कागद वाकडा लावला नाही, आणि मी स्वतःच वाकडा!

दुपारी कपाटाच्या कुठल्या किल्लीने काय उघडतं, ते मी बायकोला समजावून सांगितलं. ती भिंतीला धरून ऐकत होती. बिचारी खचली असावी, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नाव तिचं पुकारलं, उठलो मी. टेबलावर चढून मोजे काढले. डॉक्टर एकदम पुढे वाकले.

"हा रंग कधीपासून?"

मी दोन्ही पाय जवळ ओढले. "रक्त पोचत नाहीये का? कापावा लागेल?"

"शाई आहे ती," बायको म्हणाली. "घासून घासून साबण संपला."

मी तीन प्रती पुढे केल्या. डॉक्टरांनी त्या न बघताच बाजूला ठेवल्या. "खाली उतरा. चवड्यांवर उभे राहा."

बायकोचा खांदा धरून कशाबशा टाचा उचलल्या.

"ही बघा, आली कमान. म्हणजे पाय लवचिक आहे. दुखतं का?"

"नाही."

"चालून थकता?"

"नाही."

"मग ऑपरेशन नाही, औषध नाही, काही नाही. असे पाय पुष्कळांचे असतात."

मला रडूच फुटलं. "वाचलो गं!" मी बायकोचे दोन्ही हात धरले.

"हो. आता मी बसू?"

तेव्हा कुठे मी तिच्या पायाकडे नीट पाहिलं. घोट्याच्या आतल्या बाजूला चांगली सूज होती. डॉक्टरांनी तिला त्या एका पायावर टाच उचलायला सांगितली. टाच उचललीच गेली नाही. ती ओठ दाबून टेबलाला धरून राहिली. आता मात्र मी मनापासून घाबरलो, आणि मला स्वतःची लाजही वाटली.

"डॉक्टर, हिचं ऑपरेशन...?"

"वेळेवर आल्या आहेत. कमान धरून ठेवणारा स्नायू थकलाय, म्हणून ती खाली बसतेय. बुटात आधाराचा सोल, रोज व्यायाम, आणि सहा आठवडे उभ्याने करायची कामं बंद. स्वयंपाक, धुणं, बाजार, काही करायचं नाही."

"मग ते करणार कोण?"

"तुम्ही. तुमचे पाय दिवसभर उभं राहायला उत्तम आहेत."

माझ्या डाव्या टाचेत तिथल्या तिथे कळ आली. मी तसं सांगितलंही. पण डॉक्टर बायकोला विचारत होते, "हे लिहून हवंय का?"

"हो," ती म्हणाली. "जरा मोठ्या अक्षरांत."