संत जोसेफ कामावर गेलेत

माणूस गेल्यावर त्याचं जे काही मागं उरतं, त्यात घर ही एकच वस्तू अशी आहे की जी कपाटात ठेवता येत नाही, चर्चच्या जुन्या बाजारात देता येत नाही, आणि भावंडांसमोर "मला नाही बाई कुठं दिसलं" म्हणून दडवताही येत नाही. म्हणून प्रत्येक प्रगत समाजानं दुःखी कुटुंबाची घरातून सुटका करण्याची काही ना काही सोय केलेली असते. ओहायो राज्यातल्या ब्रायरटन गावात ही जबाबदारी ‘पाठीवर हात’ या संस्थेनं उचललेली आहे. (उचला असं कुणी म्हटलं नव्हतं. मोठी माणसं सांगण्याची वाट बघत नाहीत.)

संस्थेचं काम रोज सकाळी कॉफी आणि वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान यांनी सुरू होतं. अंत्यविधीनंतरच्या जेवणातलं हॅम गार व्हायच्या आत संस्थेचं सांत्वनाचं कार्ड घरी पोचलेलं असतं. वारसाहक्क, प्रोबेट, थकलेलं गहाण कर्ज, जप्ती, भावाभावांचं न बोलणं, अशा सर्व प्रसंगी संस्था कुटुंबाला हाताला धरून पलीकडं नेते. तिच्या स्वतःच्याच पाहणीनुसार मदत मिळालेल्या दर शंभर कुटुंबांपैकी सत्त्याण्णव कुटुंबांना आज घराची कसलीही काळजी उरलेली नाही. (घर उरलेलं नाही.) राहिलेल्या तीन कुटुंबांनी फोन उचलला नाही, त्यांचं दुःख अजून ताजं असावं.

व्हर्ना ह्रुश्का हिलाही आई गेल्यावर असंच एक कार्ड आलं, पण ते तिनं फ्रीजवर चुंबकाखाली लावून ठेवलं, कारण तिला पलीकडं जायचंच नव्हतं. तिला त्याच घरात राहायचं होतं. नवऱ्यानं घटस्फोट दिल्यावर दोन सुटकेसी घेऊन ती आईकडं आली होती, त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवसा दंतवैद्याकडं फोन घ्यायचा आणि संध्याकाळी इर्माबाईंचं, म्हणजे आईचं, बघायचं, असं तिचं चाललं होतं. इर्माबाई गुडघ्यांनी अधू, जिभेनं धडधाकट. धुण्याचं यंत्र तळघरात, आणि तळघराच्या पायऱ्या उतरताना त्या रोज घर बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. चर्चशेजारच्या नव्या इमारतीवरून गाडी गेली की म्हणायच्या, "लिफ्ट आहे म्हणे तिथं. आणि खाली बिंगो." व्हर्ना म्हणायची, "तुला सोडवेल का गं हे घर?" त्यावर इर्माबाई खिडकीबाहेर बघत बसायच्या. आईचा जीव या घरात किती अडकलाय, या विचारानं व्हर्नाचे डोळे भरून यायचे.

एक बारीक गोष्ट सांगायची राहिली. व्हर्ना सुटकेसी घेऊन आली त्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतली संत जोसेफची जुनी प्लास्टरची मूर्ती जागेवर नव्हती. नाकाचा टवका उडालेली, आजीनं स्लोव्हाकियाहून आणलेली. "जोसेफ कुठं गेले?" तिनं विचारलं.

"कामावर गेलेत," आई म्हणाली आणि पिरोगीचं, म्हणजे बटाट्याच्या करंज्यांचं, पीठ मळत राहिली. म्हातारीची थट्टा, म्हणून व्हर्नानं पुढं विचारलं नाही.

आता बँकेकडं वळू. छप्पर बदलताना घरावर काढलेलं कर्ज इर्माबाईंच्या नावावर होतं, पण हप्ता व्हर्ना भरायची. आई गेल्यावरही तिनं चेक पाठवला. तो परत आला. तिनं बँकेला फोन लावला.

"खातेदाराशीच बोलता येईल, मॅडम," पलीकडची मुलगी अत्यंत गोड आवाजात म्हणाली.

"अहो, खातेदार वारली. मी तिची मुलगी. हप्ता मी भरते ना!"

"फार वाईट झालं. त्यांना जरा फोन देता का? त्या वारल्याची नोंद त्यांच्या संमतीशिवाय करता येत नाही."

"बाई माझे, ती दफनभूमीत आहे!"

"हरकत नाही मॅडम. त्यांना सवड होईल तेव्हा फोन करू देत."

यात बँकेची काही चूक नव्हती. परक्या माणसानं उगीच येऊन कुणाचं कर्ज फेडू नये, यासाठीच ती सुरक्षा असते. व्हर्ना चेक पाठवत राहिली, बँक ते परत करत राहिली, आणि थोड्याच दिवसांत बँकेच्या असं लक्षात आलं की या घराचा हप्ता कुणीच भरत नाही. मग जप्तीची नोटीस निघाली. ती इर्माबाईंच्याच नावे होती. (दुर्लक्ष केल्यास गंभीर परिणाम होतील, असं तीत बजावलं होतं. इर्माबाईंनी दुर्लक्ष केलं.)

तेव्हा कुठं व्हर्नानं फ्रीजवरचं कार्ड काढलं.

‘पाठीवर हात’चे कुटुंब-मार्गदर्शक श्री. ट्रेंट बॅरिंजर गुळगुळीत दाढी आणि ओलसर डोळे घेऊन आले. "मी तुम्हाला नुसतं व्हर्ना म्हटलं तर चालेल ना?" असं विचारून त्यांनी खरोखरच तिच्या पाठीवर हात ठेवला. घरातून फिरताना तो हात तिथंच होता. आधी तो दिवाणखान्यात होता, मग स्वयंपाकघरात, मग मागच्या ओसरीवर. व्हर्नाला बरं वाटलं. कित्येक महिन्यांत तिच्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता. तो हात आपल्याला हळूहळू दाराकडं ढकलतोय हे तिला जाणवलं नाही, आणि जाणवावं अशी संस्थेची पद्धतही नाही.

"मला इथंच राहायचंय," ती स्पष्ट म्हणाली. "दुसरं काही नको."

"अगदी! त्यासाठीच तर आम्ही आहोत," श्री. बॅरिंजर म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातात स्वागताची पिशवी दिली. पिशवीत रुमालांचा डबा, दुःखाच्या पायऱ्या समजावणारी पुस्तिका, ‘पाठीवर हात’ छापलेला पाठ खाजवायचा प्लास्टिकचा हात, आणि संत जोसेफची छोटी मूर्ती होती.

आमच्याकडं घर विकायला काढलं की अंगणात संत जोसेफ उलटे पुरतात. डोकं खाली, पाय वर, तोंड घराकडं. एवढा मोठा संत, साक्षात देवाच्या लेकराला वाढवलेला सुतार, नाकातोंडात माती घेऊन किती दिवस राहील? बाहेर पडायच्या घाईनं तो गिऱ्हाईक गाठून आणतो. घर विकलं की त्याला उकरायचं, धुवायचं आणि नव्या घरी मानानं न्यायचं. (याला कुणी संताची अडवणूक म्हटलेलं आमच्या फादरना आवडत नाही. ते ‘आग्रहाची प्रार्थना’ म्हणतात.)

व्हर्नानं डोकं चालवलं. उलटे पुरल्यानं घर जात असेल, तर सुलटे पुरल्यानं घर राहिलं पाहिजे. तिनं ट्यूलिपच्या वाफ्यात जोसेफना ताठ उभं पुरलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर राहावी म्हणून त्यांचं तोंड रस्त्याकडं केलं. आता रस्त्याकडं तोंड म्हणजे समोरच्या श्री. राडोविच यांच्या घराकडं तोंड, एवढं तिच्या ध्यानात आलं नाही. राडोविच यांना घर विकायचं नव्हतं. आठवड्याभरातच त्यांच्या मुलीनं त्यांना फ्लोरिडाला नेलं आणि घराला गिऱ्हाईक मिळालं. संतांनी उभ्यानंसुद्धा काम चोख केलं होतं.

दरम्यान कोर्टाचं सुरू झालं. इर्माबाईंनी मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यामुळं घर तीन भावंडांचं. कोर्टानं व्हर्नाला मालमत्तेची कारभारी नेमलं असतं तर बँकेला तिच्याशी बोलावं लागलं असतं, हप्ते सुरू झाले असते, आणि भावंडांचे वाटे सवडीनं देऊन घर राहिलं असतं. फक्त दोघांच्या सह्या हव्या होत्या. धाकटा ड्वाइट ॲरिझोनाहून आला, मधली पॉलेट कोलंबसहून. दोघंही सह्या करायलाच आले होते. पण प्रत्येक वारसाचं दुःख वेगळं असतं, या तत्त्वानुसार संस्थेनं दोघांनाही एकेक स्वतंत्र मार्गदर्शक दिला, तोही मोफत.

पहिल्या बैठकीत आईची अंड्यांची ताटली निघाली. उकडलेली, मोहरी भरलेली अर्धी अंडी ठेवायला खळगे असलेली ती काचेची ताटली. प्रत्येक ईस्टरला टेबलावर मधोमध यायची.

"ती मला देणार असं आई म्हणाली होती," पॉलेट म्हणाली.

"तुला? तू तर अंडी खात नाहीस!" ड्वाइट म्हणाला.

"आणि तू ईस्टरला कधी आलास रे?"

"अरे घ्या ना ती ताटली दोघं मिळून, आणि सही करा," व्हर्ना कळवळून म्हणाली.

"बघ, बघ! हिला सगळं घर हवंय, म्हणून ताटलीवर उदार झालीये," पॉलेट म्हणाली. हे तिचं तिला सुचलं नव्हतं, पण तिच्या मार्गदर्शकानं मान डोलावली तेव्हा तिला ते पटलं. ड्वाइटच्या मार्गदर्शकानं त्याला विचारलं, "लहानपणी तुमच्यावर अन्याय झाला असं कधी वाटलं का?" आता असा कोण धाकटा असतो की ज्याला वाटलं नाही? त्याच रात्री ड्वाइटनं आपल्या पिशवीतले जोसेफ लिलॅकच्या झुडपाखाली उलटे पुरले. पॉलेटनं आपले कुंपणाशी पुरले. सकाळी तिघांच्याही नखांत माती होती आणि नाश्त्याला कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

कोर्टात असा मुद्दा निघाला की व्हर्ना या घरात राहते, तिचं या घरावर प्रेम आहे, सबब ती निःपक्ष नाही. कारभारी असा हवा की ज्याला या घराबद्दल काहीच वाटत नाही. कोर्टानं सगळीकडं पाहिलं. श्री. बॅरिंजर यांना काहीच वाटत नव्हतं. त्यांची नेमणूक झाली.

त्यांनी बँकेला फोन लावला आणि बँक त्यांच्याशी लगेच बोलली. (इर्माबाईंना फोन द्या, असं त्यांना कुणी म्हटलं नाही.) मग जप्तीच्या संकटातून कुटुंबाला वाचवण्यासाठी त्यांनी घर ‘दारात पाऊल’ नावाच्या कंपनीला विकलं. ती कंपनी ‘पाठीवर हात’ची सख्खी बहीण. राडोविच यांचं घरही तिनंच घेतलं होतं. कर्ज फिटलं, मार्गदर्शकांचं मार्गदर्शन वजा झालं, (मोफत होतं ते ऐकणं, सांगण्याचे पैसे होते,) आणि जे उरलं त्याचे तीन वाटे झाले. ताटली सामान नेताना फुटली. तिघंही त्या वेळी रडली, आणि अंत्यविधीनंतर ती एकत्र रडण्याची ती पहिलीच वेळ होती.

शेवटच्या दिवशी व्हर्ना कुदळ घेऊन अंगणात गेली. राग कितीही असला तरी संताला मातीत टाकून जायचं नसतं. आपले तिनं वाफ्यातून काढले. ड्वाइटचे लिलॅकखालून काढले. पॉलेटचे शोधताना कुंपणाशी जरा जास्त खोल गेलं आणि कुदळीला काहीतरी टणक लागलं.

पावाची जुनी पिशवी होती, तोंडाशी दुहेरी गाठ. ती गाठ आईशिवाय कुणी मारत नसे. आत प्लास्टरचे जोसेफ होते, नाकाचा टवका उडालेले. डोकं खाली, पाय वर, तोंड घराकडं.

व्हर्ना मातीत बसली. तिला सगळं एकदम कळलं. आईनं घर विकायला काढलं होतं. लिफ्ट, बिंगो, सगळं ठरलं होतं. तेवढ्यात दारात मुलगी उभी राहिली, दोन सुटकेसी घेऊन, सुजलेल्या डोळ्यांनी, आणि आई म्हणाली, कामावर गेलेत. मग तिनं ना त्यांना परत बोलावलं, ना मुलीला काही सांगितलं. इतकी वर्षं आई मुलीसाठी पायऱ्या चढत होती आणि मुलगी आईसाठी छप्पर फेडत होती.

"अगं आई," व्हर्ना म्हणाली, "एकदा तोंड उघडून बोलायचंस की गं!" आणि ती हसायला लागली, मग रडायला लागली. तेवढ्यात श्री. बॅरिंजर आले. त्यांनी पाठीवर हात ठेवून तिला उठवलं, फाटकापर्यंत नेलं, आणि फाटक लावून घेतलं.

व्हर्ना आता चर्चशेजारच्या इमारतीत राहते. लिफ्ट आहे. खिडकीत सगळे जोसेफ आहेत, एकाचं नाक उडालेलं.

वाचकांची आई हयात असेल तर त्यांनी आजच फोन करून तिला विचारावं, की बाई, तुला ते घर खरंच हवंय का. आपण विचारणार नाही, कारण तिचा जीव त्या घरात अडकलाय हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. हरकत नाही. ‘पाठीवर हात’ आपल्यासाठीही आहे. पत्ता कळवायची गरज नाही, वर्तमानपत्रात येईलच.