अनंतरावांची आणीबाणीची पेटी

गाडी घ्यायचा निर्णय अनंतराव मुळमुळ्यांनी चांगला वर्षभर विचार करून घेतला होता. गाडीत आणीबाणीची पेटी ठेवायचा निर्णय मात्र त्यांनी भर जेवणात, वरणभात कालवता कालवता, संतापाच्या भरात घेतला.

संतापाचं कारण होतं त्यांचा मेहुणा. श्यामकांत म्हणजे पद्मिनीबाईंचा धाकटा भाऊ, राहणार दुर्ग. मागच्या दिवाळीत अनंतरावांची सेकंडहँड फियाट भिलाईच्या अलीकडे बंद पडली, तेव्हा मागून येणाऱ्या या श्यामकांतनं आपल्या गाडीतून एक पाना काढला, बॉनेटमध्ये कुठंतरी दोन नट आवळले आणि फियाट सुरू करून दिली. इथपर्यंत अनंतरावांची काही तक्रार नव्हती. पण तेव्हापासून नात्यातलं एकही बारसं, एकही डोहाळजेवण असं झालं नाही की जिथं श्यामकांतनं ही कथा सांगितली नाही.

"जिजाजी भांडार शाखेत बडेबाबू! अख्ख्या खात्याचं सामान त्यांच्या ताब्यात! अन् गाडीत पाहा तर साधा पाना नाही!"

(यावर लोक हसत. चार-चार वेळा ऐकलेले लोकसुद्धा हसत. माणसाला दुसऱ्याच्या फजितीचा कंटाळा कसा येत नाही, हे अनंतरावांना कधीच कळलं नाही.)

"तो काय खोटं बोलून राहिला का?" पद्मिनीबाईंनी त्या दिवशी वरणावर तूप वाढता वाढता विचारलं, आणि अनंतरावांनी हातातला घास ताटात ठेवला.

"खोटं नाही? माझ्याकडे पाना नव्हता हे खरं. पण मी बडाबाबू आहे म्हणून माझ्या गाडीत पाना पाहिजे, हा कोणता न्याय? दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या खिशात काय सुया राहतात? थांब. आता असं सामान ठेवतो, की तुझ्या भावानं तोंडात बोट घातलं पाहिजे!"

दुसऱ्याच दिवशी ते रायपूरच्या सदर बाजारात गेले. जुन्या ओळखीच्या दुकानातून हिरव्या रंगाची लोखंडी ट्रंक आली. तिच्यात जॅक आला, व्हीलपाना आला, पक्कड, हातोडी, फॅनबेल्ट, फ्यूज, हवा भरायचा पंप, गाडी टोचन करायचा जाड दोर, टॉर्च, ताडपत्री, पाण्याचा कॅन, प्रथमोपचाराचा डबा आणि एक पितळी शिट्टी आली. (शिट्टी कशाला, हे विचारण्याची हिंमत घरात कुणी केली नाही.) राज्य नवीन, राजधानी नवीन, रस्त्यावर रोज नव्या गाड्या, अशा वेळी माणसानं तयारीत राहायला नको का? ट्रंक डिक्कीत बसेना, तेव्हा त्यांनी डिक्कीतली सगळी अडगळ बाहेर काढली आणि दिवाणाखाली सारून दिली. मग झाकणावर लाल रंगानं 'आपत्कालीन' असं स्वहस्ते रंगवलं.

इथून खऱ्या मनस्तापाला सुरुवात झाली. कारण ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे त्यांच्या वस्तीत, कुणाकडे काही वस्तू नुसती पडून आहे, हे लोकांना बघवत नाही.

पहिला डल्ला घरातूनच पडला. पद्मिनीबाईंनी चातुर्मासात लक्ष वातींचा संकल्प सोडला होता. एके दिवशी अनंतराव घरी आले तर बायकांचा गोल बसलेला, मांडीवर वाती वळणं चाललेलं, आणि मध्ये प्रथमोपचाराचा डबा उघडा.

"अगं, तो औषधी कापूस आहे! जखमेसाठी!"

"मंग काय झालं? देवाले औषधी कापूस चालत नाही का? अन् तुमाले जखम झाली कुठं आहे अजून?"

जखम झाली नाही हा जणू त्यांचाच निष्काळजीपणा! टोचनच्या दोरावर शेजाऱ्यांच्या गोधड्या वाळू लागल्या. जॅक तर समोरच्या नरहररावांनी नेला, तो थेट आपल्या लाकडी कपाटाखाली लावला. कपाटाच्या पायांना वाळवी लागली होती.

"नरहरराव, जॅक परत द्या," अनंतराव त्यांच्या दारात जाऊन म्हणाले.

"देतो ना भैया. पन काढला तर कपाट पडते."

"अन् माझी गाडी पंक्चर झाली तर?"

"तर सांगा मले. चार पोट्टे घेऊन येतो, उचलून देतो गाडी. काय घाबरून राहिले?"

हे ऐकून अनंतरावांच्या मस्तकात तिडीक गेली. सरकारी भांडारातून टाचणी काढायची तर तीन सह्या लागतात. आणि इथं खासगी माणसाचा जॅक विनासहीचा कपाटाखाली! त्यांनी सगळं सामान घरोघर जाऊन वसूल केलं (कपाटाखाली विटा स्वतः लावून दिल्या), ट्रंकेला सात लिव्हरचं कुलूप ठोकलं आणि चावी थेट जानव्याला बांधली. आता बघू कोण हात लावतो.

अशा बंदोबस्तात ट्रंक डिक्कीत बसून राहिली, आणि मंजिरीच्या लग्नाचा दिवस उजाडला.

मंजिरी ही अनंतरावांच्या बहिणीची, दुर्गच्या लताची मुलगी. पण कॉलेजची सगळी वर्षं ती रायपूरला मामाकडे राहिली. अनंतराव-पद्मिनीबाईंना मूलबाळ नाही. तिला सायकल मामानं शिकवली, परीक्षेच्या दिवसांत पहाटेचा चहा मामानं करून दिला. ती सासरी जाणार या विचारानं अनंतराव गेले पंधरा दिवस कुणाला न दिसता रडून घेत होते. मुहूर्त गोरज. नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागं उभं राहायचं, हा मामाचा मान. आयुष्यात आपल्या वाट्याला आलेला हा एकच मान, असं त्यांना वाटत होतं. आणि सकाळी लताचा फोन काय आला?

"दादा, वेळेवर निघ रे बाबा. तसा श्यामकांत आहेच इथं, काही कमी-जास्त झालं तर उभा राहील तो."

"तो काहून उभा राहील? तो तिच्या मामीचा भाऊ! माझा हात काय मोडला आहे का?" असं ओरडून त्यांनी फोन आपटला, आणि दुपारीच रेशमी कुर्ता घालून, पद्मिनीबाईंना आणि आहेराच्या बॅगा घेऊन निघाले.

दुर्गच्या वाटेवर, कुम्हारीच्या थोडं पुढं मागचं चाक बसलं.

आता सांगायला हरकत नाही, त्या क्षणी अनंतरावांना आनंद झाला. उघड उघड आनंद. "बस तू सावलीत," ते पद्मिनीबाईंना म्हणाले, "अन् पाहत राहा." त्यांनी कुर्त्याच्या गळ्यातून हात घालून जानवं बाहेर ओढलं, डिक्कीवर ओणवं होऊन कुलूप उघडलं (चावी जानव्याला असल्यामुळे त्यांनाही कुलपाइतकंच खाली वाकावं लागलं), रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरली आणि एकेक वस्तू ओळीनं मांडायला घेतली. जॅक तळाशी होता. गाडी उचलली. नट सुटले. चाक निघालं. घामानं निथळत, काळ्या हातांनी अनंतराव अभिमानानं उभे राहिले.

"वा!" पद्मिनीबाई मनापासून म्हणाल्या. "आता दुसरं चाक लावा."

अनंतराव डिक्कीकडे वळले. डिक्कीत रिकाम्या ट्रंकेशिवाय काहीही नव्हतं. आणि मग त्यांना दिवाण आठवला, दिवाणाखाली सारलेली अडगळ आठवली, आणि त्या अडगळीतली ती सगळ्यात अवजड, काळी, गोल वस्तूही आठवली.

"स्टेपनी काढली तुम्ही?" पद्मिनीबाईंचा आवाज चढला. "चाक बदलायच्या सामानाले जागा पाहिजे म्हणून चाकच काढून टाकलं?"

"ट्रंक बसत नव्हती!"

"मी कापूस घेतला तर सात दिवस बोलले नाही माझ्याशी! मी श्यामकांतले फोन लावते."

"खबरदार! त्याला फोन केलास तर..."

पण पद्मिनीबाई जवळच्या ढाब्यावरच्या पीसीओकडे निघूनही गेल्या होत्या. तिथून त्यांनी हात हलवून ओरडून सांगितलं, की पंक्चरवाला स्वतःच्या मेहुणीच्या लग्नाला गेला आहे आणि श्यामकांत निघाला आहे. मग त्या ढाब्याच्या खाटेवर जाऊन बसल्या, नवऱ्याकडे पाठ करून.

अनंतराव तीन चाकांच्या गाडीशेजारी, मांडलेल्या सामानामागं, बादली उलटी करावी तसा कॅन आडवा करून त्यावर बसले. तोच एक सायकलवाला थांबला.

"ये टारच कतका के हे, भैया?"

"बिकाऊ नहीं है."

"अउ ये डोरी?"

"अरे, बिकाऊ नहीं है कुछ भी! जाओ!"

सायकलवाला गेला नाही. उलट त्याला थांबलेला पाहून आणखी दोघं थांबले. एका बाईनं ताडपत्रीची किंमत विचारली. एकानं पंप उचलून आपल्याच सायकलीत हवा भरून घेतली आणि "हव, बढ़िया हे" असा शेराही मारला. अनंतरावांनी पंप हिसकावून घेतला. बडाबाबू! रेशमी कुर्ता! आणि लोक त्यांना हायवेवरचा फेरीवाला समजतात? तेवढ्यात एक पांढरी सुमो ढाब्याशी चहाला थांबली आणि सफारी सूट घातलेले, झुबकेदार मिशांचे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत थेट त्यांच्यापुढं आले.

"टॉर्च दिखाओ."

"देखिए, मैं दुकानदार नहीं हूँ. मैं सरकारी भंडार में बड़ा बाबू हूँ!"

"अच्छा करते हो. तनखा में आजकल किसका चलता है?" म्हाताऱ्यानं टॉर्च उचलून उन्हात फिरवून पाहिला. "ठीक बोलो, भाव कितना?"

"मैंने कहा ना, नहीं बेचना! उमर हो गई है, सुनाई नहीं देता क्या? रखो वो, और चलते बनो!"

"मोलभाव का ये तरीका हमको मालूम है," म्हातारा शांतपणे म्हणाला, त्यानं एक नोट अनंतरावांच्या कुर्त्याच्या खिशात कोंबली आणि टॉर्च खिशात घालून चालता झाला. सुमो निघूनही गेली. अनंतराव शिट्टी वाजवत तिच्यामागं धावले, तर लोकांना वाटलं, दुकान बंद व्हायची वेळ झाली.

मग श्यामकांत आला. गाडीतून उतरला, तीन चाकांवरची फियाट पाहिली, ताडपत्री पाहिली, गर्दी पाहिली. आणि काहीच बोलला नाही. हा माणूस बोलला असता तर अनंतरावांनी त्याला क्षमा केली असती!

"चला जिजाजी. वेळ होऊन राहिला."

"मी येत नाही. तू जा. तूच उभा राहा तिच्या मागं. लताची पण तीच इच्छा आहे!"

पद्मिनीबाई तावातावानं पुढं आल्या. "काहून असं करून राहिले? ती पोरगी सकाळपासून विचारून राहिली, मामा निघाले का, मामा कुठवर आले. तिले पाना नाही पाहिजे, जॅक नाही पाहिजे. तिले तुम्ही पाहिजे. राग नंतर करा, घरी आल्यावर. मी पण करते तुमच्यासोबत. आता बसा गाडीत."

अनंतराव बसले. ट्रंक भरून ढाबेवाल्याच्या हवाली केली आणि मागच्या सीटवर, मेहुण्याच्या पाठीमागं, वाटभर खिडकीबाहेर पाहत राहिले.

मंगल कार्यालयात पाऊल टाकलं तेव्हा गुरुजी "नवरीच्या मामांनी यावं" असं तिसऱ्यांदा म्हणत होते. हात धुवायलाही सवड नव्हती. काळेकुट्ट पंजे शालूला लागू नयेत म्हणून अनंतराव ते हवेत धरून उभे राहिले, तर मंजिरीनं स्वतःच त्यांचा हात घट्ट पकडला. "मामा, मले वाटलं तुम्ही येतच नाही," ती म्हणाली. अनंतरावांनी मग मंगलाष्टकं संपेपर्यंत कुणाचीही पर्वा न करता रडून घेतलं. अक्षता पडल्या. त्यांचा मान त्यांना मिळाला होता, आणि त्यांना जगातल्या सगळ्यांना, अगदी श्यामकांतलासुद्धा, माफ करावंसं वाटत होतं.

तेवढ्यात लता लगबगीनं आली. "दादा, चल. नवरदेवाचे आजोबा अमरावतीहून आले आहेत, रायपूरला समता कॉलनीत उतरले होते. मोठे मानाचे आहेत, पाया पड."

अनंतराव वाकले. वाकता वाकता आधी त्यांना काठी दिसली, मग सफारी दिसला, आणि मान वर केल्यावर मिशा.

"आजोबा, हे मंजिरीचे मामा," लता म्हणाली.

"ओळखतो ना," म्हातारबुवा शुद्ध वऱ्हाडीत म्हणाले. "पन तुम्ही मराठी आहे तर हिंदीत काहून भांडले?"

लोक जमले. आपण यांना काय काय बोललो, ते एकेक शब्दानिशी अनंतरावांना आठवलं. मुलीकडचा माणूस, आणि वराच्या आजोबांना 'चलते बनो'! "आजोबा, चूक झाली... मला माहीत नव्हतं..."

"ते जाऊ द्या. धंद्यात होते तसं." आजोबांनी खिशातून टॉर्च काढला, बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि भर मांडवात तो अनंतरावांच्या नाकासमोर धरला. "याच्यात सेलच नाही."

"नाही, सेल वेगळे ठेवतो मी," अनंतरावांच्या तोंडून आपोआप निघालं. "आत राहिले तर पाणी सुटतं त्यांना."

"बरोबर आहे. मंग कुठं ठेवले?"

अनंतरावांनी श्यामकांतकडे पाहिलं नाही. त्याच्याकडे पाहायची गरजच नव्हती.

"घरी."

मांडवात एकच हशा उठला. मंजिरी मुंडावळ्या सावरत हसत होती, पद्मिनीबाई पदरात हसत होत्या. अनंतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ते पडले मुलीकडचे, म्हणून हात जोडून हसत उभे राहिले. आजोबांनी टॉर्च परत त्यांच्या जोडलेल्या हातांत कोंबला आणि आपल्या मुलाकडे वळून समाधानानं म्हणाले,

"मी उगाच शंका घेतली रे. माणूस खरंच सरकारी भांडारातला आहे."