दर्या हॅल्सियन आहे

मांडवीत आमच्या खालच्या मजल्यावर दाऊदचाचा राहतात. त्यांच्याकडे चहा हवा असेल तर आधी एका इंग्रजी विशेषणाचं स्पेलिंग सांगावं लागतं. एकच शब्द, हॅल्सियन. गॅसवाला सांगतो, मासळीवाली रेहाना सांगते. मी बँकेत असून वायच्या जागी आय घालतो.

"विनायका, वाय रे. बेचकीसारखा. आणि सुरुवातीचा एच मूळचा नाय, मागाहून चिकटवलेला पाव्हणा हाय."

चाचा जन्मभर जहाजावर स्वयंपाकी होते. शब्द एका कप्तानाने दिला. अर्थ शांत, निवांत. उगम ग्रीक. नवरा समुद्रात बुडाला, बायको खंड्या पक्षी झाली. भर थंडीत ती अंड्यांवर बसली की वारा पडतो. एवढं ऐकून घेतल्यावरच साखर मिळते. खरं सांगतो, घाई असली की मी मागच्या जिन्याने जायचो. नंतर दिवसभर चुटपुट लागायची.

शब्द वापरण्यात चाचा फार कडक. एकदा मी सहज म्हटलं, "आज दर्या हॅल्सियन दिसतोय." ते म्हणाले, "ती लाट बघ. घावनासारखा सपाट असेल तेव्हाच म्हणायचं. नायतर गप."

त्यांचा मुलगा इम्रानही जहाजावर आहे. तो निघाला की बंदराला लागल्याचा फोन येईपर्यंत चाची उंबऱ्यात झाडू लावू देत नाहीत. जहाज कुठेही असो, स्वयंपाकघरातून रोज विचारतात, "दर्या कसा हाय?" एकदा मी म्हटलं, "चाची, इम्रान तिकडे आफ्रिकेला आहे." त्या म्हणाल्या, "दर्या सगळा एकच, बाबा."

यंदा मे सरताना फोन बरेच दिवस आला नाही. उंबऱ्यात वाळूचा ढीग साचला. त्या संध्याकाळी वारा असा सुटला होता की धक्क्यावर उभं राहवेना. मी आणि चाचा धावतच घरी आलो. आतून चाचींचा आवाज आला, "दर्या कसा हाय?"

चाचांनी तोंडावरचं खारं पाणी पुसलं. "हॅल्सियन हाय गो," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं.

"हो चाची," मी म्हटलं. "अगदी घावनासारखा."

लाटांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "या मग आत. चहा ठेवते. वाळू तेवढी तुडवू नका."

त्या दिवशी स्पेलिंग कुणी विचारलं नाही.