मोडक्या स्कूटरवरून डावीकडे

"आठ दिवस! फक्त आठ दिवस द्या मला. नवव्या दिवशी हे गाव कुणाला ओळखू आलं, तर नाव बदलीन!"

नगरपालिकेच्या सभेत टेबलावर हात आपटून टापटीपरावांनी ही प्रतिज्ञा केली. आणि त्यांच्याबद्दल लोक काहीही म्हणोत, हा शब्द मात्र त्यांनी अगदी अक्षरशः पाळला.

टापटीपराव म्हणजे नगरपालिकेचे हेडक्लार्क. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच पडून असायचं. त्यांच्या टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे उभ्या असत. घरी पाहुणा आला, की त्याच्या पायातून चपला निघायच्या आत रांगेत लागत. अशा माणसाला गाव सुधारायला देणं म्हणजे आधीच हौस, त्यात अध्यक्षांचा हुकूम!

पण या हौसेमागं एक दुखणं होतं. पर्यटनवाल्यांचा 'पाहण्याजोगी गावं' असा एक नकाशा दरवर्षी निघायचा आणि त्यात सलग तीन वर्षं शेजारचं गाव झळकत होतं. तिथले हेडक्लार्क म्हणजे टापटीपरावांचे सख्खे साडू! माणूस शेजाऱ्याचं भलं पाहू शकतो, एखाद्या वेळी वैऱ्याचंही पाहू शकतो. पण साडूचं? छे!

आणि दुखण्याच्या आत आणखी एक दुखणं होतं. टापटीपरावांच्या बायकोनं घराच्या माडीवर पाहुण्यांसाठी तीन खोल्या काढल्या होत्या. तीन पलंग, तीन आरसे, धुवून-इस्त्री करून ठेवलेल्या सहा चादरी. दोन वर्षांत तिथं मुक्कामाला कोण आलं? तर एक विमा एजंट. तोही विमा विकून त्याच दिवशी गेला.

"यंदाही नकाशात नाव आलं नाही ना, तर मी खोल्यांना कुलूप लावते," बायको एक दिवस चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालत म्हणाली. "ताईकडं पाहुण्यांची नुसती रीघ लागलीय. तिला हाताखाली माणूस हवंय. मी जाते तिकडं."

"आणि मी?"

"तुम्ही या रविवारी भेटायला. भावजी नाही म्हणायचे नाहीत."

साडूच्या दारात, साडूच्या परवानगीनं, स्वतःच्या बायकोला भेटायचं! बायको हे रागानं म्हणाली असती तर त्यांनी कानाआड केलं असतं. पण तिनं ते शांतपणे, चादरीवरची सुरकुती सारखी करत म्हटलं होतं, म्हणून त्यांना खरोखर भीती वाटली.

झालं! दुसऱ्याच दिवशी मोहीम सुरू झाली.

पहिला हुकूम रंगाचा. सगळ्या भिंती, सगळी दारं, सगळे शटर बदामी, खाली हिरवी पट्टी. "आमच्या दवाखान्याचं दार लालच राहू दे," दातांचे डॉक्टर म्हणाले. "लाल?" टापटीपराव ओरडले. "माणूस आत यायच्या आधीच घाबरेल!" दार बदामी झालं. शेजारचं न्हाव्याचं दुकानही बदामी झालं. त्याच्या पलीकडचा शिंपी घरी जेवायला गेला होता, परत येईपर्यंत त्याच्या दुकानाचा निकाल लागला होता.

दुसरा हुकूम घाणीचा. चौकातली गंजकी टाकी भंगारवाल्याकडं गेली. बाजारातलं वाळलेलं झाड तोडलं. तुटकी निळी बैलगाडी, अर्धवट पडलेली भिंत, फुटका हौद, सगळं साफ! आणि नाक्यावरचा वाकडा खांब? बावीस वर्षं वाकडा होता तो. आठ माणसं, दोन दोर आणि तीन दिवस लावून टापटीपरावांनी तो सरळ करून घेतला.

तिसरा हुकूम पाट्यांचा. गल्ल्यांच्या, चौकांच्या, झाडून सगळ्या पाट्या उतरवून पेंटरच्या अंगणात नेल्या.

"नवं अक्षर कधी चढेल?" टापटीपरावांनी विचारलं.

"पहिला हात दिलाय साहेब. तो दोन दिवस वाळू दे. घाई केली तर अक्षर ओघळतं."

"ओघळलेलं अक्षर माझ्या गावात चालणार नाही! वाळू दे."

तर गावात एवढं सगळं हललं, पण एक वस्तू तसूभरही हलली नाही. ती म्हणजे टापटीपरावांच्या स्वतःच्या दारातली मोडकी स्कूटर. पुढचं चाक तिरकं, हँडल उजवीकडं, तोंड डावीकडं, सीटमधून काथ्या बाहेर.

"जगाचे उकिरडे उपसताय, आधी ते दारातलं धूड हलवा!" बायको म्हणाली.

"ते धूड नाही, आठवण आहे!" टापटीपराव हळवे होऊन म्हणाले.

आठवण खरीच होती. लग्नानंतर आठव्या दिवशी नव्या नवरीला मागं बसवून ते ऐटीत फिरायला निघाले होते. 'ब्रेक कुठला?' हा प्रश्न त्यांना नाक्यावर पडला आणि उत्तर मिळायच्या आत खांब आला. खांब त्या दिवशी वाकडा झाला, स्कूटर त्या दिवशी बंद पडली. बायको मात्र रस्त्यावर बसून पोट धरधरून हसली होती. ते हसणं ऐकूनच टापटीपरावांना वाटलं होतं, की हिच्याबरोबर आपलं निभेल.

आठव्या दिवशी संध्याकाळी गाव चकाचक झालं. आणि नवव्या दिवशी सकाळी पोस्टमन पत्रांचा गठ्ठा घेऊन नगरपालिकेत आला. अगदी रडकुंडीला आलेला.

"साहेब, हे बघा. 'गंजक्या टाकीसमोर.' टाकी कुठंय? 'वाळलेल्या झाडामागं, दुसरं घर.' झाड कुठंय? 'निळ्या गाडीपासून सरळ, वाकड्या खांबाशी वळून.' आता मी कुठं वळू?"

या गावात घरांना नंबर होते, पण ते फक्त त्यांच्याच रजिस्टरात होते. गावात जन्मलेलं पोर चालायला लागलं, की आधी टाकी शिकायचं, मग खांब. पत्ता म्हणून जे जे होतं, ते ते त्यांनी भंगारात घातलं होतं!

"दोन दिवसांत पाट्या लागतील," ते म्हणाले. "तोवर अंदाजानं वाट."

पोस्टमननं अंदाजानं वाटली. एका ब्रह्मचारी मास्तरांना पत्र मिळालं, 'मुलगा झाल्याबद्दल अभिनंदन!' एक गृहस्थ दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत डोळे मिटून बसले आणि "मिशा जरा बारीक" म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "आ करा." यांनी केला. पुढचं त्यांना सांगवत नाही.

आणि नेमकी त्याच दिवशी न कळवता नकाशावाल्यांची पाहणी समिती आली! टापटीपरावांना हे कळलं दुपारी, तेही चहावाल्याकडून.

"एक वहीवाल्या बाई आणि एक कॅमेरेवाले गृहस्थ ना? सकाळपासून फिरतायत की."

"तू पाहिलंस त्यांना?"

"पाहिलं? आत्तापर्यंत पाच वेळा पाहिलं! दर अर्ध्या तासानं इथूनच जातात. पहिल्यांदा हसून गेले. दुसऱ्यांदा जरा कमी हसले. आता बघतसुद्धा नाहीत."

टापटीपरावांनी स्वागताचं भाषण खिशात कोंबलं आणि धावत सुटले. पुढच्या गल्लीत शिंपी म्हणाला, "आत्ताच गेले!" त्याच्या पुढच्या गल्लीत एक आजी म्हणाल्या, "आत्ताच गेले!" त्याच्याही पुढच्या गल्लीत पुन्हा तोच शिंपी म्हणाला, "साहेब, परत तुम्हीच?"

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आपण चुकलो! जन्म या गावात गेला, गावाचा नकाशा स्वतःच्या हातानं काढला, आणि आपण चुकलो! जिकडं बघावं तिकडं बदामी, खाली हिरवी पट्टी. त्यांनी तीन तास समितीचा पाठलाग केला, आणि मधला एक तास तर समितीच त्यांच्या मागून येत होती.

ऊन उतरलं तसं त्यांचं तोंडही उतरलं. आता समिती रागानं निघून गेली असणार. नकाशात नाव नाही. खोल्यांना कुलूप. रविवारी साडूच्या दारात, हातात पिशवी घेऊन... त्यांना तिथंच पायरीवर बसून रडावंसं वाटलं. पण रडायलाही आपलं घर बरं, म्हणून त्यांनी लाज गिळून शिंप्यालाच विचारलं, "बाबा रे, माझं घर कुठं?"

"सोपं आहे की!" शिंपी म्हणाला. "नाकासमोर जा, मोडकी स्कूटर दिसेल. गावात तेवढीच एक खूण राहिलीय."

टापटीपराव दारात पोहोचले आणि स्कूटरला धरून उभेच राहिले. ओटीवर वहीवाल्या बाई आणि कॅमेरेवाले गृहस्थ! दोघांचे पाय गरम पाण्याच्या घमेल्यात, दोघांच्या हातात चहा, आणि बायको तिसरा कप भरत होती.

"य... या! म्हणजे... कसं वाटलं आमचं गाव?"

"गाव?" बाई म्हणाल्या. "गाव आहे कुठं? आम्ही सकाळपासून एकच गल्ली सतरा वेळा पाहिली!"

"बाई, त्या सतरा वेगवेगळ्या गल्ल्या होत्या!"

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं.

"कुणालाही विचारावं," कॅमेरेवाले म्हणाले, "तर माणूस उत्साहानं हात वर करायचा, 'त्या टाकीपासून' म्हणायचा, आणि एकदम गप्प व्हायचा. एक आजी तर डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, 'काहीच राहिलं नाही रे लेका. स्कूटर तेवढी आहे, तिकडं जा.' आलो."

"आणि आता आमच्यात चालायची ताकद नाही," बाई म्हणाल्या. "खोल्या आहेत म्हणे वर?"

सहापैकी चार चादरी त्या दिवशी पहिल्यांदा पसरल्या गेल्या.

महिन्याभरानं नकाशा आला. टापटीपरावांनी एक डोळा मिटून तो उघडला. गावाचं नाव होतं! पुढं लिहिलं होतं, 'राहण्याची सोय: अतिउत्तम, यजमानीण लाखात एक. पाहण्यासारखी ठिकाणं: एक, मोडकी स्कूटर.'

लोक यायला लागले. स्कूटरशेजारी उभं राहून फोटो काढायचे, वर मुक्काम करायचे. तिन्ही खोल्या भरल्या. एकदा टापटीपरावांना राहवलं नाही, त्यांनी फडक्यानं हँडलवरचा गंज पुसायला घेतला. "हात लावू नका!" बायको माडीवरून कडाडली. "गावात तेवढीच एक गोष्ट तुमच्या तावडीतून वाचलीय!" साडूंचं पत्र आलं, 'आपल्याकडे एखादी जादा मोडकी स्कूटर असल्यास कळवावे.' ते टापटीपरावांनी फ्रेम करून लावलं.

पाट्या केव्हाच लागल्या होत्या, पण गाव ऐकेना. आमच्या खुणा परत द्या! टाकी भंगारवाल्याकडून वाजतगाजत परत आणली. वाळलेल्या झाडाच्या जागी दुसरं वाळलेलं झाड शोधून उभं केलं. अडलं ते खांबापाशी. पालिकेच्या इंजिनिअरनं दोर लावले, घण मारले, पण गावाला तो वाक पसंत पडेना. "हा आमचा खांब नव्हे. आमचा कमरेत वाकायचा."

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "टापटीपराव, मुळात वाकवला कुणी होता?"

एका सकाळी सगळं गाव नाक्यावर जमलं. मोडकी स्कूटर ढकलत आणली. टापटीपराव हँडल धरून बसले, डोळे घट्ट मिटून.

"थांबा!" बायको गर्दीतून पुढं आली आणि पदर खोचून मागच्या सीटवर बसली. "तेव्हा मीही होते. व्हायचं तर नीट होऊ दे."

आठ माणसांनी मागून ढकललं. धडाम! खांब कमरेत वाकला, दोघं रस्त्यावर, आणि बायको पोट धरधरून हसतेय! अगदी तशीच. टापटीपरावांचं कोपर सोलवटलं होतं, पण त्यांना बावीस वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

इंजिनिअरनं खांबाचा कोन मोजून पाहिला. "साहेब, जागा बरोबर आहे. पण पूर्वीच्या फोटोपेक्षा वाक जरा जास्तच आलाय."

"साहजिक आहे," टापटीपराव धूळ झटकत म्हणाले. "बावीस वर्षांत वजन वाढलंय."

हसणं थांबलं.

"कुणाचं?" बायकोनं विचारलं.

टापटीपरावांनी खांबाकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं, आणि माडीवरच्या तीन खोल्या डोळ्यांपुढं आणल्या.

"स्कूटरचं," ते म्हणाले.