ओन्ली आजी लेफ्ट

रविवारी घरात इंग्रजीच बोलायची, असा ठराव मी मांडला, मीच त्याला अनुमोदन दिलं आणि बायको स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आत तो मंजूरही करून टाकला.

कारण घडलं ते संस्कृतीच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, शाळेत. पालकसभेत तिच्या मॅडम मला म्हणाल्या, "युवर डॉटर इज व्हेरी शाय." मला वाटलं कौतुक चाललंय. मी म्हणालो, "थँक्यू, सेम टू यू." घरी येईपर्यंत संस्कृती माझ्यापासून अंतर ठेवून चालत होती. पाटबंधारे खात्यात मी वरिष्ठ लिपिक आहे. टिपणीखाली 'सबमिटेड फॉर ऑर्डर्स' असं मी झोकात लिहितो. बोलायची वेळ आली की मात्र जीभ किरकोळ रजेवर जाते.

"आणि आईचं काय?" विशाखानं विचारलं.

तिची आई, मनकर्णाबाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पाचोडहून आमच्याकडं संभाजीनगरला, सिडकोत आल्या होत्या. त्यांना मी मामी म्हणतो. डोळा बरा होईपर्यंत त्या इथंच राहणार होत्या.

"त्या ऐकतील," मी म्हणालो. "भाषा ऐकूनच येते."

त्या ऐकायच्या. पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, "चहा झाला का गं?" संस्कृतीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "टी इज रेडी, आजी." मामींनी कप घेतला आणि काळा चष्मा सावरत बाल्कनीत जाऊन बसल्या. एरवी त्या सकाळपासून बोलायच्या. शेजारीण, शेळी, वारलेले मामा, पाचोडच्या बाजारातले भाव. रविवारी मात्र बाल्कनीतून खालच्या भाजीवाल्याशी जे काही बोलणं होईल तेवढंच. भाजी घ्यायची नसतानासुद्धा त्या भाव विचारायच्या. मला ते दिसत होतं. पण मला वाटायचं, त्यांचं इंग्रजी आतल्या आत मुरतंय.

अशातच आकाशचं लग्न आलं. आकाश म्हणजे मामींच्या भावाचा, काकासाहेबांचा, मुलगा. लग्न करमाडला, हॉलमध्ये, आणि नेमकं रविवारी. सकाळी निघताना मामी म्हणाल्या, "भावाच्या गाडीत जागा झाली तर मी तिकडूनच पाचोडला जाते म्हणते. डोळा काय, तिथंबी बरा व्हईल."

मला म्हणायचं होतं की डोळा अजून कच्चा आहे, तुम्ही कुठंही जायचं नाही. पण कच्च्या डोळ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. 'रॉ आय' कानाला बरं वाटेना. मी शब्द शोधतोय तोवर त्या लुगडं बदलायला आत निघून गेल्या. कुणी काहीच बोललं नाही, हे त्यांनी आपल्या परीनं समजून घेतलं असणार.

लग्न छान झालं. जेवण झाल्यावर मी स्कूटरवर एकटाच पुढं निघालो, कारण त्या दिवशी आमच्या भागात आठवड्यानं नळाला पाणी येणार होतं. संभाजीनगरात या कारणासाठी खुद्द नवरदेव उठून गेला तरी वऱ्हाडी समजून घेतील. बाकीचे मागून जीपनं येणार होते.

मी पिंपाला पाइप लावला होता तेव्हा संस्कृतीचा फोन आला. तिकडं जीपची घरघर, इकडं पाण्याचा आवाज.

"पपा, वी ऑल आर इन द जीप."

"व्हेरी गुड."

"जीप इज फुल. ओन्ली आजी लेफ्ट."

"ओके, ओके."

"सो यू सी, पपा."

"आय सी, आय सी," मी म्हणालो आणि फोन ठेवला. आपलं संभाषण किती सुरळीत झालं, याचा आनंद मला दुसरं पिंप भरेपर्यंत पुरला. मामी भावाच्या गाडीनं पाचोडला गेल्या. जाताना मला सांगितलंही नाही, याचं थोडं वाईट वाटलं. (थोडं बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू?)

जीप वाटेत नातेवाइकांना सोडत सोडत आली. विशाखा घरात शिरली तेव्हा दिवस कलला होता.

"आई झोपली का?" तिनं चप्पल काढता काढता विचारलं.

"मामी? त्या तर पाचोडला गेल्या."

"कुणी सांगितलं?"

"संस्कृतीनं. आजी लेफ्ट म्हणाली."

विशाखा जागच्या जागी थांबली. "अहो, जीपमध्ये इतकी दाटी होती, कुणाचं कोपर डोळ्याला लागेल म्हणून आईला हॉलवर खुर्चीत बसवून आलो. पपांना सांग, आजी राहिलीय, तुम्ही बघा, असं मीच हिला म्हणाले होते. तुम्ही 'आय सी' म्हणालात."

"मी तेच सांगितलं," संस्कृतीचा आवाज रडवेला झाला होता. "लेफ्ट म्हणजे उरली."

"लेफ्ट म्हणजे गेली," मी म्हणालो.

"दोन्ही होतं, पपा."

मामींचा फोन विशाखाच्या पर्समध्ये होता. हॉलच्या नंबरवर कुणी उचलेना. विशाखानं काकासाहेबांना फोन लावला. ते पलीकडून म्हणाले, "अक्का बरी हाये ना? निघताना भेट झाली नाय." विशाखानं आवाज सावरला. "हो मामा, बरी आहे. पडलीय जरा. तुम्ही पोचलात का, तेवढंच विचारायला केला." त्यांच्या घरात नवी सून आलेली. तिथं घोर पाठवायचा नाही, एवढं भान तिला त्या क्षणीही होतं.

स्कूटरवर तिघं कसे बसणार? कोपऱ्यावरची रिक्षा केली. चिकलठाणा मागं पडलं, शेंद्र्याच्या ट्रकांची रांग लागली. विशाखा एकदा म्हणाली, "डोळ्यात थेंब टाकायची वेळ होऊन गेली." मी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक म्हातारीकडं बघत होतो. एका डोळ्यानं नीट न दिसणारी बाई एवढ्या रहदारीच्या रस्त्यावर येऊन उभी राहिली असेल तर, हा विचार मनात आला की मी रिक्षावाल्याला जरा दामटा म्हणायचो. इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ निघाले याचं मला काही वाटत नव्हतं. दोनांपैकी मला सोयीचा तोच मी ऐकला, हे मात्र खुपत होतं.

हॉलला कुलूप. बाहेर एक गृहस्थ टेंपोत खुर्च्या चढवत होते. मंडपाचं सामान भाड्यानं देणारे कमरोद्दीनभाई. विशाखानं विचारलं तसं ते म्हणाले, "काले चष्मेवाली अम्मा? हमारे घर पे हैं. अंधार पडायला लागला, तशी आमची वहिदा घेऊन गेली त्यांना."

विशाखानं रिक्षाचा दांडा धरला आणि पहिल्यांदा डोळे पुसले.

घर मागच्याच गल्लीत होतं. मामींचा आवाज दारातूनच ऐकू आला. शेळीची गोष्ट चालली होती. त्या बाजेवर बसल्या होत्या, पुढ्यात भाकरीचं ताट, शेजारी वहिदाभाभी. थेंबांची बाटली मामींच्या कमरेच्या पिशवीत होती. भाभींनी ते वेळेवर टाकलेही होते. विशाखा जाऊन आईला बिलगली. संस्कृती पलीकडून बिलगली. मी उंबऱ्याशीच उभा राहिलो.

कमरोद्दीनभाईंनी माझी ओळख विचारली. "हे आमचे जावई," मामी म्हणाल्या. त्याबरोबर भाईंनी छातीवर हात ठेवून मान लववली आणि न बोलता मला खुर्ची दाखवली. मग अंगठा ओठाला लावून 'चहा?' असं खुणेनं विचारलं. चिमूट वर करून साखरेचं विचारलं. विशाखाशी मात्र ते छान बोलत होते.

मला काही समजेना. तेवढ्यात वहिदाभाभी विशाखाला हळूच म्हणाल्या, "अम्मा ने बताया सब. इतवार को आपके घर में मौन रहता बोले. भाईसाब वो विपश्यना करते ना. अच्छी बात है. घर में शांती रहती."

मी मामींकडं बघितलं. चष्म्याआड त्यांचे डोळे दिसत नव्हते. त्या शांतपणे भाकरीचा घास मोडत होत्या. ऐतवारी माझ्याशी कुणी बोलत नाही, असं त्या अनोळखी घरात सांगून बसल्या होत्या, आणि त्यातही जावयाला कमीपणा येऊ दिला नव्हता. विसरून गेलेल्या माणसाचा त्यांनी ध्यानस्थ माणूस करून टाकला होता.

तिथंच त्यांचे पाय धरून माफी मागावी म्हणून मी उठलो. "मामी, मी..." एवढंच म्हणालो, तोच भाभींनी हात वर केला. "नै नै भाईसाब. आमच्यासाठी मौन तोडू नका."

मी खाली बसलो आणि चहा प्यायलो. साखर जास्त होती. तेही सांगता आलं नाही.

परतताना रिक्षात मी मामींना म्हणालो, "चूक झाली. त्या एका शब्दाचे दोन उलटे अर्थ आहेत हो. गेली पण आणि राहिली पण."

"आपल्यात नाय का?" मामी म्हणाल्या. "जाणारा माणूस 'येतो' म्हणूनच जातो. म्हणून काय कुणी त्याची दारात वाट बघत बसतं व्हय?"

मी रिक्षावाल्याला जरा सावकाश घ्यायला सांगितलं.

ठराव रद्द झाला, हे सांगायला नको. मामी डोळा बरा होऊनही महिनाभर राहिल्या आणि रविवारी सकाळपासून बोलल्या. आमचं सगळं घर ऐकत बसायचं. शेळीला तीन पाय आणि आठ स्वभाव होते, असं माझं मत झालं.

परवा शहागंजात कमरोद्दीनभाई भेटले. सोबत त्यांचा एक दोस्त होता. भाईंनी छातीवर हात ठेवला, मीही ठेवला. ते दोस्ताला हलक्या आवाजात सांगू लागले, "पहुंचे हुए आदमी हैं. इतवार को एक लफ्ज नै बोलते."

"और बाकी दिन?" दोस्तानं विचारलं.

कमरोद्दीनभाईंनी क्षणभर विचार केला. त्या संध्याकाळी आमच्यातली विशाखाच तेवढी बोलत होती, हे त्यांनी बघितलं होतं.

"बाकी दिन," ते म्हणाले, "भाभी बोलने देते नै."